निवडीवरचा खर्च जोपासनेकडे वळवा

दिवाळीची सुट्टी संपली की महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये विज्ञानस्पर्धांचा हंगाम सुरू होतो. होमी भाभा बाल वैज्ञानिक स्पर्धेची लेखी परीक्षा, ऑलिम्पियाडच्या पूर्वपरीक्षा, तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन, मग जिल्ह्याचं, राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेच्या फेऱ्या, इन्स्पायर-मानकची प्रदर्शनं. या प्रत्येकामागे कोणती ना कोणती संस्था राबत असते. कुठे केंद्र सरकारचा विभाग, कुठे शिक्षकांची संघटना, कुठे एखादा विश्वस्त निधी, कुठे कंपनीचा पैसा. मी बरीच वर्षं विज्ञान शिकवते आणि तालुका-जिल्हा पातळीवर परीक्षक म्हणूनही बसते. स्पर्धा हव्यातच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण या संस्थांची बहुतेक ताकद हुशार मूल हुडकून काढण्यात खर्ची पडते आणि त्या मुलाला प्रयोगाची वाट दाखवणाऱ्या शिक्षकाच्या पदरात जवळजवळ काहीच पडत नाही. हे प्रमाण उलटं व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

जगातली सर्वांत नावाजलेली शालेय विज्ञानस्पर्धा अमेरिकेत भरते. तिच्या मागची संस्था १९२१ साली 'सायन्स सर्व्हिस' या नावाने सुरू झाली. वृत्तपत्रांचे मालक ई. डब्ल्यू. स्क्रिप्स आणि प्राणिशास्त्रज्ञ विल्यम रिटर यांनी ती काढली, आणि तिचं पहिलं काम होतं सामान्य वाचकापर्यंत विज्ञानाच्या बातम्या पोचवणं. स्पर्धा नंतर आल्या. न्यूयॉर्कच्या अमेरिकन इन्स्टिट्यूटने १९२८ मध्ये मुलांचं विज्ञान प्रदर्शन भरवलं होतं आणि त्याला जोडून शाळाशाळांतून विज्ञान मंडळं उभी राहिली होती. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला या मंडळांचं जाळं सायन्स सर्व्हिसने आपल्या हाती घेतलं, देशभर वाढवलं, आणि १९५० साली फिलाडेल्फियात पहिला राष्ट्रीय विज्ञान मेळावा भरवला, तेव्हा अंतिम फेरीत मुलं होती ३०. आज आयसेफ म्हणून ओळखला जाणारा आंतरराष्ट्रीय मेळावा तो हाच. आपण या कहाणीतला शेवटचा भाग तेवढा उचलला. मंच, पदकं, विमानाची तिकिटं, वर्तमानपत्रातला फोटो. त्याआधी हजारो शाळांत आठवड्याला एकदा मुलं जमवून काहीतरी करून पाहणारे शिक्षक होते, त्यांच्याकडे आपलं लक्षच गेलं नाही.

पुरस्कर्त्यांचं म्हणाल, तर ते येतात आणि जातात. आयसेफला इंटेलने वीसहून अधिक वर्षं नाव आणि पैसा दिला आणि २०१९ नंतर हात काढून घेतला. पुढच्याच वर्षापासून रीजेनेरॉन ही औषध कंपनी आली म्हणून मेळावा टिकला. गुगलची सायन्स फेअर २०११ मध्ये मोठ्या गाजावाजाने सुरू झाली आणि दशकभरातच थांबली. आपल्याकडे तर सरकारी योजनांचीही तीच गत. १९६३ पासून चालत आलेली राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा (एनटीएसई) २०२१ नंतर झालेलीच नाही. १९९९ मध्ये सुरू झालेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या इन्स्पायर या दुसऱ्या योजनेत विलीन करण्यात आली, म्हणजे व्यवहारात तिची परीक्षा बंद झाली. दहावीत एनटीएसईची तयारी करणाऱ्या मुलांना मधल्या वर्षांत काय सांगायचं, हे आम्हा शिक्षकांनाच कळत नव्हतं.

मग टिकलं कोण? मुंबईतल्या विज्ञान शिक्षकांची संघटना टिकली. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाने १९८१ मध्ये होमी भाभा बाल वैज्ञानिक स्पर्धा सुरू केली आणि ती आजतागायत चालू आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद टिकली. चुनाभट्टीच्या विज्ञान भवनापासून गावोगावच्या शाखांपर्यंत तिची कामं चालतात आणि ती बहुतांशी कार्यकर्त्यांच्या वेळावर चालतात. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापक-शिक्षकांची देशव्यापी संघटना टिकली. ऑलिम्पियाडची पहिली चाळणी आजही तीच घेते. सगळीकडे शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी उभं केलेलं काम दीर्घायुषी ठरलं. हा योगायोग नाही. पुरस्कर्त्याला दर वर्षी निकाल दाखवायचा असतो, शिक्षकाला पुढच्या वर्षीही तोच वर्ग समोर असतो.

होमी भाभा स्पर्धेबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण मराठी घरांत 'विज्ञानाची स्पर्धा' म्हटलं की हेच नाव पुढे येतं. सहावी आणि नववीच्या मुलांसाठीची ही स्पर्धा कागदावर फार चांगली बेतलेली आहे. आधी लेखी, मग प्रात्यक्षिक, मग कृतिसंशोधन प्रकल्प आणि मुलाखत. मराठी माध्यमाच्या मुलाला त्याच्या भाषेत उतरता येतं. बारा वर्षांच्या मुलाने परिसरातला एखादा प्रश्न घ्यावा, निरीक्षणं नोंदवावीत, काही उपाय करून पाहावा आणि त्यावर परीक्षकांशी बोलावं, ही अपेक्षा चाळीस वर्षांपूर्वी ठेवणाऱ्या शिक्षकांना मी मनापासून मानते.

पण या स्पर्धेभोवती आज काय वाढलंय ते डोंबिवली, ठाणे, बोरिवली, पुण्यात कुठेही फिरून पाहा. लेखीसाठी क्लास, प्रात्यक्षिकासाठी वेगळा क्लास, प्रकल्पासाठी मार्गदर्शनाचं वेगळं पॅकेज. पाचवीच्या उन्हाळी सुट्टीपासून बॅच सुरू. प्रात्यक्षिकात काय विचारलं जाऊ शकतं त्याची यादी, प्रत्येक प्रयोगाची दहा वेळा उजळणी. प्रकल्पाचा अहवाल बऱ्याचदा आई-बाबांनी रात्री जागून टाइप केलेला असतो, हे परीक्षकाला पहिल्या दोन प्रश्नांत कळतं. ज्या घराला हे परवडतं त्या घरातलं मूल पुढे जातं. ज्या शाळेत प्रयोगशाळेच्या खोलीत खिचडीचे तांदूळ ठेवलेले असतात, तिथलं मूल लेखीतच मागे पडतं, आणि प्रात्यक्षिकात हाताने काही करून दाखवायची संधी त्याला मिळतच नाही. दोष क्लासवाल्यांना देऊन भागणार नाही. शाळेत जे मिळत नाही ते बाजारात विकलं जातं. स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेने परीक्षा घेतली, पण परीक्षेपर्यंत पोचायचा रस्ता बांधला नाही. तो मग ज्याने बांधला त्याने टोलनाका लावला.

राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद मला म्हणूनच जास्त जवळची वाटते. तिचं बीज ग्वाल्हेरच्या एका स्वयंसेवी विज्ञान केंद्रात पडलं आणि १९९३ पासून केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने ती देशभर नेली. दहा ते सतरा वयाची मुलं, एक मार्गदर्शक, आपल्या परिसरातला एक प्रश्न आणि दोन वर्षांसाठी ठरवून दिलेला मुख्य विषय, कधी हवामान, कधी ऊर्जा, कधी परिसंस्था आणि आरोग्य. महाराष्ट्रात ठाण्याच्या जिज्ञासा ट्रस्टसारख्या छोट्या संस्थेने तिच्यासाठी वर्षानुवर्षं शिक्षकांची शिबिरं घेतली. आणि तिची एक अट मला लाखमोलाची वाटते. प्रकल्पासोबत रोजची नोंदवही दाखवावी लागते.

नोंदवही किती बोलते, ते एका उदाहरणाने सांगते. तालुक्याच्या एका प्रदर्शनात मी परीक्षक होते. हॉलमध्ये नेहमीचं चित्र. सलाइनच्या नळ्या आणि इंजेक्शनच्या सिरिंजवर चालणारा जेसीबी, थर्माकोलची स्मार्ट सिटी, ज्वालामुखी, पाऊस पडला की आपोआप दोरीवरचे कपडे आत घेणारं यंत्र. यातली कितीतरी उपकरणं शहरातल्या दुकानात किटच्या रूपात मिळतात. पाठीमागे रंगीत फ्लेक्स. कोपऱ्यातल्या टेबलावर मात्र आठवीच्या दोन मुली एक दोनशेपानी वही घेऊन उभ्या होत्या. उपकरण असं काही नव्हतंच. घरच्या गोठ्याला पत्रा आहे, उन्हाळ्यात जनावरं धापा टाकतात, म्हणून त्यांनी अर्ध्या पत्र्यावर उसाचं पाचट पसरून बारदानाने बांधलं होतं आणि दोन्ही बाजूंच्या खालचं तापमान दुपारी बारा, दोन आणि चार वाजता मोजलं होतं. वहीत पेन्सिलीने आखलेले तक्ते, मध्येच चार दिवस कोरे. शेजारी लिहिलेलं, 'थर्मामीटर फुटला.' नवा थर्मामीटर त्यांच्या मॅडमनी स्वतःच्या पैशाने आणून दिला होता. पुढच्या पानांवर डेअरीच्या दुधाच्या पावत्या चिकटवल्या होत्या.

मी विचारलं, "मग पाचट टाकल्यावर दूध वाढलं का गं?"

मोठी म्हणाली, "पावत्यांत वाढलेलं दिसतंय मॅडम, पण पाचटामुळेच वाढलं असं नाही म्हणता येणार. त्याच महिन्यात बाबांनी पेंड बदलली होती."

एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर कारण कुठलं हे सांगता येत नाही, हे विज्ञानातलं अत्यंत महत्त्वाचं शहाणपण आहे आणि मोठमोठ्या संशोधकांनाही ते जपावं लागतं. ते त्या मुलीला आलं होतं, कारण तिच्या शिक्षिकेने तिला वही लिहायला लावली होती आणि घाईने निष्कर्ष काढू दिला नव्हता. त्या दोघींचा नंबर आला नाही. गुणपत्रिकेवर 'मांडणी', 'आकर्षकता' आणि 'कार्यरत प्रतिकृती' असे रकाने होते; वहीचा रकाना नव्हता. मी दिलेले गुण इतर परीक्षकांच्या बेरजेत बुडाले. मुलींना आणि त्यांच्या मॅडमना आपलं काम किती चांगलं आहे हे लेखी सांगण्याची कुठलीच सोय त्या यंत्रणेत नव्हती. मी तोंडी सांगितलं, तेवढंच. एकेका टेबलाला परीक्षकाकडे मिनिटं तरी किती असतात! दोन वाजता बक्षीस समारंभ, पाहुणे येऊन बसलेले.

इन्स्पायर-मानक योजनेत सहावी ते बारावीच्या मुलांकडून कल्पना मागवल्या जातात आणि निवड झालेल्या मुलाच्या बँक खात्यात प्रतिकृती बनवण्यासाठी १०,००० रुपये जमा होतात. योजना मोठी आहे, वर्षाला लाखभर मुलांपर्यंत पोचण्याचं तिचं उद्दिष्ट आहे, आणि खेड्यातल्या मुलाच्या नावावर थेट पैसे येतात ही गोष्ट लहान नाही. पण त्या पैशातून काय आणायचं, कुठल्या दुकानातून आणायचं, कुठला नट कुठे बसवायचा, कल्पना चुकली तर कशी बदलायची, हे सगळं ज्या शिक्षकाने बघायचं त्याच्यासाठी योजनेत किती वेळ आणि किती आधार आहे? त्याच्याकडे तीन वर्ग, शालेय पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं आणि निवडणुकीची कामं. परिणामी पुष्कळ ठिकाणी हे १०,००० रुपये गावातल्या वेल्डरकडे किंवा शहरातल्या प्रोजेक्टवाल्याकडे जातात आणि मूल तयार वस्तूशेजारी उभं राहून पाठ केलेलं बोलतं.

शाळांमध्ये सरकारी अनुदानावर उभ्या राहिलेल्या अटल टिंकरिंग लॅब या प्रयोगशाळांचंही थोडंफार तसंच. एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान, देशभर १०,००० शाळा, आणि २०२५च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी आणखी ५०,००० लॅबची घोषणा. मी पाहिलेल्या एका शाळेत थ्री-डी प्रिंटर प्लास्टिकच्या वेष्टनासह कपाटात कुलूपबंद होता, कारण बिघडला तर जबाबदार कोण, याचं उत्तर मुख्याध्यापकांकडे नव्हतं. ज्या शाळेत एक उत्साही शिक्षक आहे आणि त्याला तास मोकळे दिले आहेत, तिथली लॅब गजबजलेली असते. दोन्हीकडे यंत्रं सारखीच असतात.

अशा वेळी दोन जुनी कामं आठवतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची सुरुवात १९७४ मध्ये झाली. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरात ग्रामीण शाळांबरोबर काम केलं. मग १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई महापालिकेच्या शाळांमधली अनुसूचित जातींची मुलं निवडून आठवी ते दहावी त्यांच्यासोबत सातत्याने बसले. अडचण बुद्धीची नव्हती. पुस्तकाची भाषा, प्रश्न विचारायची भीती, हाताने काही करून न पाहिलेलं असणं, हे अडसर होते. ते दूर केल्यावर दहावीच्या निकालात ठळक फरक पडला. प्रतिभा शोधणं आणि ती जोपासणं ही दोन्ही कामं एकाच माणसांनी, एकाच मुलांबरोबर केली, हे त्या प्रकल्पाचं बळ होतं.

दुसरं काम पाबळचं. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेतून पीएच.डी. करून आले, हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधन केलं आणि १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या अवर्षणग्रस्त गावी त्यांनी विज्ञान आश्रम काढला. आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, माती-पाणी परीक्षण, शेती-पशुपालन, अन्नप्रक्रिया शिकतात, आणि नुसती शिकत नाहीत तर गावातल्यांना ती कामं करून देतात. गेट बनवलं तर ते कुणाच्या तरी अंगणाला बसतं. तिथे परीक्षक म्हणजे गावकरी असतो; गेट कुरकुरलं तर तो परत बोलावतो. अभियांत्रिकीची याहून चांगली शालेय परीक्षा मला माहीत नाही. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू घडवायची कार्यशाळा, याच पाबळला उभी राहिली, आणि ती तिथे रुजली ती आधीच्या वीस वर्षांच्या हातकामामुळे.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकायला मिळतो, आणि तो वजनदार आहे. लोक म्हणतात, सगळ्यांना थोडं थोडं देत बसलात तर वरच्या दर्जाची मुलं कोण तयार करणार? २०१८ च्या आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिम्पियाडमध्ये भारताच्या पाचही मुलांनी सुवर्णपदकं आणली, २०२४ च्या गणित ऑलिम्पियाडमध्ये चार सुवर्णं आणि एक रौप्य घेऊन आपण जगात चौथे आलो, २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुंबईने साठाहून अधिक देशांच्या मुलांसाठी खगोलशास्त्राचं ऑलिम्पियाड भरवलं. हे सगळं कडक निवडीशिवाय झालं असतं का?

निवडीशिवाय झालं नसतं, हे खरंच. पण विज्ञानाच्या ऑलिम्पियाडची निवडलेली मुलं मानखुर्दला होमी भाभा केंद्रात येतात तेव्हा काय होतं तेही पाहा. शिबिरं होतात, प्रयोगांसाठी उत्तम साधनं मिळतात, देशभरातले प्राध्यापक आणि आधीच्या वर्षांचे पदकविजेते त्यांच्यासोबत रात्री उशिरापर्यंत बसतात, प्रत्येक चुकलेल्या उत्तरावर चर्चा होते. शिखरावरच्या मूठभर मुलांना आपण मार्गदर्शक देतो आणि त्याचं फळ आपल्याला दिसतं. मग हेच पायथ्याशी का लागू पडणार नाही? गडचिरोली किंवा नंदुरबारच्या आश्रमशाळेतल्या मुलाला मानखुर्दचं शिबिर देता येणार नाही, मान्य. पण त्याच्या शिक्षिकेला वर्षातून दोनदा जवळच्या विज्ञान महाविद्यालयात चार दिवस बोलावता येतं. तिला एक प्राध्यापक फोनवर बांधून देता येतो. तिच्या शाळेला थर्मामीटर, तराजू, मल्टिमीटर, भिंगं आणि फुटतूट भरून काढायला वर्षाला काही हजार देता येतात. या सगळ्याचा खर्च एका राज्यस्तरीय समारंभाच्या मांडवापेक्षा जास्त होत नाही.

पैसा नाही, हेही मला पटत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले आहेत आणि शिक्षण त्यात बसतं. कंपनीला समारंभ आवडतो, कारण तिथे बॅनर लागतो. तो लावू द्यावा. पण संस्थांनी अट घालावी की बक्षिसावर जितका पैसा, तितकाच तीन वर्षं मार्गदर्शक शिक्षकांवर. तीन वर्षं यासाठी, की पहिल्या वर्षी शिक्षक शिकतो, दुसऱ्या वर्षी मुलं धीट होतात, आणि खरा प्रकल्प तिसऱ्या वर्षी उभा राहतो. माझ्या पाहण्यात तरी हेच गणित आहे.

सरकारच्या हाती आणखी एक गोष्ट आहे आणि तिला पैसा लागत नाही. प्रकल्प घेणाऱ्या विज्ञान शिक्षकाला आठवड्याचे दोन तास वेळापत्रकात लिहून द्यावेत आणि हंगामात त्याला इतर कामांना जुंपू नये. प्रदर्शनाच्या गुणपत्रिकेतला 'आकर्षकता' हा रकाना काढून तिथे नोंदवही घालावी. प्रत्येक सहभागी मुलाला परीक्षकाने दोन ओळी लिहून द्याव्यात, काय छान जमलं आणि पुढे काय करून बघ. बाद झालेल्यांना तर नक्कीच, कारण त्यांनाच त्याची जास्त गरज आहे. यासाठी परीक्षक वाढवावे लागतील. होमी भाभा किंवा बाल विज्ञान परिषदेतून पुढे गेलेली आणि आज अभियंता, डॉक्टर, संशोधक असलेली मंडळी महाराष्ट्रात आणि बाहेर भरपूर आहेत. त्यांना सत्कारासाठी बोलावतात. त्यापेक्षा एका शनिवारी टेबलाशी बसायला बोलावलं तर त्यातले पुष्कळजण येतील, असा माझा अनुभव आहे.

आणि दर वर्षी स्पर्धा संपल्यावर प्रत्येक संस्थेने विजेत्यांच्या यादीसोबत आणखी तीन आकडे छापावेत. यंदा पहिल्यांदाच किती शाळा आल्या, त्यातल्या जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या आणि आश्रमशाळा किती, आणि गेल्या वर्षी आलेले किती मार्गदर्शक शिक्षक यंदा पुन्हा आले. पुरस्कर्त्यांनी पुढच्या वर्षीचा धनादेश लिहिण्याआधी हे तीन आकडे मागावेत.